हजेरीतला विसावा

हिवरजवळ्याच्या शाळेतला फलक यंदा चौथी पास झाला, आणि त्यामुळे शाळेचा पट एकाने कमी होणार होता.

रेवती घोलप मॅडमना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या अकरा जूनला बदली होऊन आल्या त्या थेट सामानाची पिशवी घेऊनच. नोकरीतली ही त्यांची तिसरी शाळा. नव्या शाळेत गेलं की आधी वर्गातला फलक नटवायचा, मग चहाला कोण आहे ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती. पिशवीत घोटीव कागद, पताका, डिंक, टाचण्यांच्या दोन डब्या आणि नागमोडी कापणारी कात्री. शाळा सोळाला उघडायची होती, म्हणजे वेळ तसा बेताचाच.

शाळा म्हणजे एकच लांब खोली. दाराजवळ पहिलीची रांग, मग दुसरी, तिसरी, आणि खिडकीजवळ चौथी. भिंतीवर खिळ्यांच्या चार जोड्या ठोकलेल्या, रांगेगणिक एक. फलक शेवटच्या जोडीवर, खिडकीजवळ लटकत होता. चार ठिकाणी खिळे आणि फलक एकच, हे मॅडमना जरा नवल वाटलं, पण त्यांनी आधी जुने कागद उतरवायला घेतले. त्यात वाढदिवसांची यादी निघाली. एकोणीस नावं, त्यातल्या चौदांची तारीख एक जून. तारखेचं त्यांना काही वाटलं नाही. टेबलावरच्या हजेरीपटात मात्र वीस नावं होती.

शेजारी मुख्याध्यापक टेकाळे गुरुजी शाळेचे शिक्के पुसत बसले होते. बावीस वर्षं याच शाळेत काढलेला माणूस.

"गुरुजी, पटावर वीस आणि यादीत एकोणीस. विसावा कोण?"

गुरुजींनी शिक्का बाजूला ठेवला, हजेरीपट ओढला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "हा काय. फलक. चौथी. हजेरी शंभर टक्के."

"म्हणजे हा फलक?"

"दुसरा कुठला आहे आपल्याकडे?"

मग गुरुजींनी सगळं रीतसर सांगितलं. चार वर्षांपूर्वी पट एकोणीसवर आला. वीसच्या खाली गेलं की शाळा बंद, आणि पोरांनी ओढा ओलांडून पाथरवळला जायचं, असा वरून कागद आलेला. पावसाळ्यात त्या ओढ्याला कमरेएवढं पाणी असतं, आणि पहिलीचं पोर कमरेएवढंच असतं. त्याच आठवड्यात सुताराने हा फलक आणून दिला. कोरा होता, शाळेतच राहणार होता आणि दुसऱ्या कुठल्या शाळेत त्याचं नाव नव्हतं. गुरुजींनी अर्ज भरला.

"आणि मग?"

"मग काय. नाव लावलं म्हणजे शिकवावं लागतं, मॅडम. नुसती हजेरी मांडायची हा खोटेपणा झाला, तो आपल्याला जमत नाही. दिवाळीपर्यंत वाचायला लागला. दर जूनला एक खिळा पुढं सरकला."

"बोलतो?"

"छे. सूचना लावतो. फलकच आहे ना तो. पहिलीला अक्षर फार गिचमिड होतं. मी दोन वर्षं गिरवून घेतलं."

"जन्मतारीख काय लावलीत?"

"एक जून. सुताराला विचारलं होतं, त्याला आठवेना. ज्यांची ठाऊक नाही त्यांची आपण एक जूनच टाकतो."

मॅडमना ते चांगलंच ठाऊक होतं. त्यांची स्वतःचीही एक जूनच होती. आई म्हणायची, तू खरिपाचा भुईमूग उपटायच्या दिवसांत झालीस. पण तो काही एक जूनला उपटत नाहीत. शाळेत नाव घालायला गेलेल्या चुलत्यांना तारीख सांगता आली नाही, तिथल्या गुरुजींनी पेन चालवलं आणि काम झालं. एक जून नेहमी सुटीत येतो. वर्गात उभं राहून गोळ्या वाटायची हौस मॅडमची जन्मात फिटली नाही, आणि हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

त्या दिवशी त्यांनी फलकाला निळा कागद लावला, चारी बाजूंनी नागमोडी पिवळी किनार काढली, कोपऱ्यांत फुलं आणि मधोमध 'स्वागत'. काम नामी झालं. कुलूप लावताना गुरुजीसुद्धा दोनदा वळून पाहून गेले.

सकाळी येऊन पाहतात तर फलक पुन्हा कोरा. किनार, फुलं, अक्षरं, सगळं टेबलावर नीट रचून ठेवलेलं, फुलं तर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. टाचण्या डबीत. फलकाच्या मधोमध वहीचा एक कागद:

"सूचना. मा. मुख्याध्यापकांस कळविण्यात येते की, मी चौथी उत्तीर्ण झालो असून पुढील शिक्षणासाठी पाथरवळ येथे जाऊ इच्छितो. तरी मला शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. सजावट जपून काढली आहे, ती पुढच्यास वापरावी. फलक."

मॅडमनी अक्षर जवळ जाऊन पाहिलं. खरंच वळणदार होतं.

गुरुजींनी सूचना दोनदा वाचली आणि खुर्चीत बसले. नवीन तीन पोरं धरून पट एकोणीस होत होता, फलक राहिला तर वीस. सोळा तारखेला अकरा वाजता केंद्रप्रमुख उबाळे साहेब येऊन डोकी मोजणार होते.

"नापास करू या का?" गुरुजी हळूच म्हणाले.

"निकाल लागलाय, गुरुजी. पहिली श्रेणी आहे. खाली तुमचीच सही."

"मग वाळवी लागली म्हणू. आजारपणामुळं वर्ष राहिलं. कागदावर चालतं ते."

तेरा तारखेला सकाळी नवी सूचना होती. "माझी प्रकृती उत्तम आहे. वाळवी दाराच्या चौकटीस लागली आहे, तिकडे लक्ष द्यावे." दोघांनी जाऊन चौकट ठोकून पाहिली. बोटभर भुगा खाली पडला.

त्याच दिवशी दुपारी ईश्वरी पारवे आपला दाखला न्यायला आली. ही फलकाच्या वर्गातली, मोठी चुणचुणीत पोर.

"गुरुजी, फलकाचा दाखला झाला का?" तिने आल्या आल्या विचारलं. "पाचवीत खिडकीजवळची जागा धरून ठेवलीय त्याच्यासाठी. मामाच्या टेम्पोतनं नेऊ आम्ही, पोत्याखाली नाही ठेवणार."

"तो तिकडं जाऊन काय करणार, बाळ? तिकडं आहेत की फलक."

"त्यांची नावं कुठं आहेत पटावर?" ईश्वरी म्हणाली. "हा आमच्यातला आहे."

गुरुजींनी तिचा दाखला तिला दिला आणि दुसरा उद्या बघू म्हणाले. ती गेल्यावर बराच वेळ ते खिडकीतून ओढ्याकडे बघत बसले होते.

मॅडमच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. इतक्या निगुतीने फुलं काढून ठेवणाऱ्याला फुलं नको असतील असं त्यांना वाटेना. मग त्याला हवंय तरी काय? त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'यंदा तुझ्यावर काय लावू?' आणि एकच टाचणी टोचून घरी गेल्या. रात्री जेवतानाही त्यांना तेच कुतूहल लागून राहिलं होतं.

उत्तर सकाळी चिठ्ठीच्या खालीच होतं. "चार वर्षे सर्वांचे वाढदिवस माझ्यावर होते. माझा कोणी लावला नाही. हट्ट नाही. जाण्यापूर्वी एकदा यादीत नाव दिसावे, ही विनंती."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "पटावर घेतला, शिकवला, आणि यादी करताना विसरलो. ज्याच्यावर लिहितो त्याचंच नाव कसं सुचावं, सांगा."

त्यांनी मॅडमच्या हातून स्केचपेन घेतलं आणि यादीत स्वतः लिहिलं: '२०. फलक. १ जून.' मग कुणी न सांगता दाखल्यांचं पुस्तक काढलं. वर्तन या रकान्यात 'उत्तम' लिहिलं आणि शाळा सोडण्याचं कारण 'पुढील शिक्षण'. मग खाली सही केली.

पंधरा तारखेला गावातली पोरं जमवून वाढदिवस साजरा झाला, चौदा दिवस उशिरा. मॅडमनी किनार आणि फुलं परत लावली. या वेळी सगळी जागच्या जागी राहिली. पोरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, लिंबाच्या गोळ्या वाटल्या. फलकाच्या वाटची गोळी ईश्वरीने खाल्ली, कारण वर्गमैत्रीण तीच. मग मामाचा टेम्पो आला. फलक सजवलेलाच उतरवला, चादरीत गुंडाळला, आणि दाखला ईश्वरीच्या दप्तरात गेला. टेम्पो ओढ्यात उतरेपर्यंत गुरुजी रस्त्यात उभे होते.

"बावीस वर्षं," आत येऊन ते म्हणाले. "उद्या अकराला संपली. तुमची तर पाचच दिवसांत संपली, मॅडम. वाईट वाटतं."

मॅडमचं लक्ष भिंतीकडे होतं. फलक होता तिथे आता चौकोन दिसत होता; फलक चौथीत येईपर्यंत तिथे तेवढ्याच मापाचा नकाशा लटकायचा. बाकीची भिंत उन्हाने आणि पोरांच्या हातांनी मळलेली. हा तेवढा स्वच्छ, अजून मूळच्या पिस्ता रंगाचा. त्या जवळ गेल्या. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

"गुरुजी, इकडे या. हे बघा. रंगाऱ्याने तारीख टाकलीय. तेवीस जून, आणि साल."

गुरुजींनी बोटांवर मोजलं. "येत्या तेवीसला सात पूर्ण."

"पहिलीला सहा पूर्ण लागतात."

"हो."

"दुसऱ्या शाळेत नाव?"

"कुठलं. जन्मल्यापासून इथंच आहे." गुरुजी एवढं बोलून थांबले आणि त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "नाव लावलं म्हणजे शिकवावं लागतं, बरं का."

"शिकवते," मॅडम म्हणाल्या.

अर्ज भरायला वीस मिनिटं लागली. नाव, चौकोन. आईचं नाव, भिंत. वडिलांचं नाव, चुना. चौकोन जागचा हलत नसल्यामुळे पहिलीची रांग दाराजवळून खिडकीजवळ आणली आणि चौथी दाराशी नेली. पिशवीत उरलेल्या कागदाची किनार मॅडमनी चौकोनाच्या बाहेरून लावली. अंगावर काहीही टोचलं नाही.

उबाळे साहेब सोळाला अकराच्या ठोक्याला आले. त्यांनी पेन उलटं धरून डोकी मोजली, मग पुन्हा मोजली.

"एकोणीस."

"विसावा भिंतीवर आहे, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी चौकोनाकडे पाहिलं, मग दाखल-खारीज पुस्तक उघडलं. नाव तपासलं, आईचं तपासलं, वडिलांचं तपासलं. एका रकान्यावर पेन थांबलं.

"टेकाळे, हे काय? जन्मतारीख तेवीस जून?"

"होय साहेब."

"एक जून का नाही? असलं काही कसं मंजूर करणार मी? वर विचारतील."

मॅडम पुढे झाल्या. "पुरावा आहे, सर. मुळातच लिहिलेला आहे. एक जून टाकली तर खोटी होईल."

साहेब भिंतीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि रंगाऱ्याची पेन्सिल वाचली. सरळ होऊन त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"माझीसुद्धा एक जूनच आहे," ते म्हणाले, कुणालाही उद्देशून नाही. मग त्यांनी पट वीस अशी नोंद करून सही केली, आणि चहाला न थांबता पुढच्या शाळेला गेले.

तेवीस तारखेला मॅडम लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन जरा लवकरच आल्या. शाळा चालू असताना, खऱ्या तारखेला येणारा वाढदिवस त्यांनी आजवर फार थोड्या पोरांचा पाहिला होता. दार उघडून त्या खिडकीकडे गेल्या. चौकोनाच्या मधोमध, कुठल्या खडूने कोण जाणे, एक मोठा वेडावाकडा 'ग' काढलेला होता. त्याचा काना गोलापासून चांगला वीतभर लांब पळालेला.

गुरुजी मागून आले आणि मान तिरकी करून बघत राहिले.

"गिचमिड आहे," ते म्हणाले.

"पहिलीत आहे, गुरुजी," मॅडम म्हणाल्या आणि खडू घेऊन, गिरवायला सोपा जावा म्हणून, त्याच्या शेजारी भिंतीवर एक नीट 'ग' काढायला बसल्या.