नानांची पिवळी पिक

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना गिटारची पिक दाताला वाजवून बघतात. पिक म्हणजे तार छेडायची ती तिकोनी चकती, रुपयाएवढी. आधी अंगठ्याने वाकवणार, मग पुढच्या दातावर टक् करणार, मग डोळे मिटून बसणार, जसा काय दातातून फोनच आलाय. आणि म्हणणार, "जाडी बोलस, माय." म्हणजे जाड पिकचा आवाज मोठा.

मला त्यांची भीतीच वाटायची. तशी मला गॅसची वाटते, पालीची वाटते, आणि परी झाल्यापासून तर खाली पडलेल्या बटणाचीसुद्धा वाटते. दहा महिन्यांची आहे, दिसेल ते तोंडात. हे धुळ्याला कामाला, रविवारी येतात. जळगावात आम्ही दोघीच, आणि डोक्यावर हे नाना. लग्नाच्या बँडात वाजवायचे, आता बायको गेलेली, एकटेच. एकूण तेवीस पिक, ठेवायला गोळ्यांचा डबा. एक शिंगाची, एक जुनं एटीएम कार्ड कापून केलेली. "हाई लई कडक शे, बँकवाल्यासारखी." नायलॉनची? "गरीब शे बिचारी."

उन्हाळ्यात एकदा मी भीत भीत म्हटलं, "नाना, दुपारी पोरगी उठते हो." त्या दिवसापासून गिटार बंद. मला वाटलं, रुसले. पण रोज आमच्या ओट्यावर बसून दातावर टक् टक् चालूच.

मंगळवारी डबा ओट्यावर ठेवून नाना पाणी भरायला वर गेले. माझं दूध उतू चाललं म्हणून मी आत पळाले, आले तर डबा उपडा, परी मधोमध, तोंड हलतंय, डोळ्यात पाणी. मी अशी ओरडले की नाना धावतच खाली. तोंडात बोट घातलं, काही नाही. नानांनी डोळे मिटून एकेक पिक अंगठ्याखालून काढली.

"बावीस. पिवळी नही शे. बठ्ठ्यात पातळ ती."

सगळ्यांत पातळ, म्हणजे गिळायला सोपी. मी परीला उचलून रिक्षासाठी धावले. रिक्षात परी नानांच्या मांडीवर, नाना अनवाणी.

"नाना, कडक होती का हो?"

"नही माय. मऊ शे. वाकस."

"टोक होतं का?"

"टोक मीच घासेल शे, गोल."

मी विचारतेय, ते सांगतायत, जशी मी दुकानात पिकच घ्यायला आलेय. आणि दोघंही परीचा श्वास मोजतोय.

डॉक्टर म्हणाले, श्वास चांगला चाललाय, पण प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. केवढी होती?

नानांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला, काहीतरी काढलं, सवयीने दातावर टक् केलं, आणि पुढे धरलं. "एवढी."

पिवळी.

डॉक्टर नानांकडे बघतायत, मी पिवळीकडे. परी खिदळली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तपासू कोणाला?"

बाहेर आल्यावर मी रडले, मग जे तोंडाला येईल ते बोलले. खिशात होती तर जीव का घेतला आमचा?

नाना खाली बघत होते. "घाबरनू माय, याद नही ऱ्हायनी. ती डबामा नसतेच. दुपारले तुनी पोर झोपस ना. बठ्ठ्या वाजाडी देख्यात. हाई एकच अशी शे, खाले आवाज येत नही."

म्हणजे रोज दुपारी ते वर वाजवत होते. आम्हाला ऐकू येणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी डबा ओट्यावर आला नाही. टक् नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली, परीला घेऊन वर गेले. नाना गिटार मांडीवर घेऊन नुसतेच बसलेले. डबा कपाटावर, सुतळीच्या तीन गाठी मारून.

म्हटलं, "नाना, जाडी काढा."

"पोर झोपाव नही मंग."

"नाही तर नाही."

त्यांनी गाठी सोडल्या. कार्डाची जाडी पिक दाताला लावून बघितली. मी परीच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या, करंगळी तिच्या ओठांवर ठेवली, आणि म्हटलं, हं, वाजवा.