डाव्या दारातली खडखड

मला माझ्या कानांचा गर्व आहे. का नसावा? पंख्यांच्या कारखान्यात मी आवाज तपासायचं काम करतो. समोर रांगेने पंखे गरगरत असतात, मी डोळे मिटून उभा राहतो आणि बोट दाखवतो, "हा कुरकुरतोय!" उघडून बघावं तर पातं सैल. त्यामुळे सासऱ्यांच्या गाडीचे स्पीकर खडखडायला लागले तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बाबा, रविवारी गाडी माझ्या ताब्यात द्या. संध्याकाळपर्यंत खडखड गायब!"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंड आपलं, जीभ आपली.

सासरे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. उभा जन्म बसच्या दांडीला लोंबकळून कचेरी गाठली आणि निवृत्त झाल्यावर एकदम अशी आलिशान गाडी घेतली की पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या तिच्या शेजारी चेहरे पाडून उभ्या असतात. सीट गरम होतात, सीट गार होतात, आणि स्पीकर तर दारात, छतात, बसल्या जागी कानाशी! रोज संध्याकाळी सासरे आणि सासूबाई गाडीतून फिरायला जातात. जुनी गाणी लावतात, तळ्याला एक चक्कर मारतात आणि परत येतात. गुडघे गेल्यापासून सासूबाईंचं घराबाहेर पडणं तेवढंच. दुपारचा चहा झाला की त्या साडी बदलून, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असतात.

आणि नेमकी त्या फेरीतच खडखड! गाण्यात ठेका पडला की डाव्या दारातून 'खडखडखड'. शोरूमवाल्यांनी गाडी ठेवून घेतली, दिवसभर गाणी वाजवली आणि सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. आता, गाडी शोरूमला द्यायची म्हणजे हे दोघं ती आधी पार रिकामी करतात, आपापली बाजू आपण आवरायची असा त्यांचा नियम. गाडी परत आली, सामान आत गेलं, आणि खडखड पुन्हा हजर.

"विकून टाकतो!" सासरे कडाडले. "एवढी गाडी घेऊन डबा वाजवत फिरायचं? मिशीवाले मागेच लागलेत, त्यांना देऊन टाकतो!" मिशीवाले म्हणजे समोरच्या इमारतीतले त्यांचे मित्र. मिशा अशा की माणूस नंतर दिसतो.

"मला तर काहीच ऐकू येत नाही हो," सासूबाई कळवळून म्हणाल्या. खरंच येत नव्हतं. त्यांचा डावा कान अधू आहे. पण संध्याकाळची फेरी बंद होणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला तो बघवला नाही. म्हणून मी तो रविवारचा विडा उचलला.

रविवारी सकाळी हत्यारं घेऊन खाली उतरलो तर सासूबाई कठडा धरत धरत माझ्या आधी पार्किंगमध्ये!

"डावं दार उघडू नका हं," त्या म्हणाल्या.

"का?"

"तिकडे... ऊन येतं."

पार्किंगमध्ये ऊन! पण मी माझ्याच तोऱ्यात. "आई, काळजीच करू नका. आवाज डावीकडून ऐकू येतो ना, म्हणजे बिघाड उजवीकडे! पंख्यांत नेहमी असंच होतं. आवाज भिंतीवर आपटून उलटा येतो."

"अगदी बरोबर बोललात!" सासूबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं पहिल्यांदाच इतक्या चटकन ऐकलं. मला भरून आलं.

मी उजव्या दाराच्या स्पीकरची जाळी उचकटायला घेतली. सुटेना. जोर लावला. कट! एक खिटी तुटली. दुसरीकडून जोर लावला. कट! कट! जाळी हातात आली, पण माझ्या कोपराने कुठलं तरी बटण दाबलं आणि ड्रायव्हरची सीट मला घेऊन मागे मागे सरकायला लागली. ती थांबवायला दुसरं बटण दाबलं तर खालून गरम व्हायला लागली! त्या शेगडीवर बसून मी स्पीकरच्या भोवती स्पंज कोंबला. स्पंज कुठून आणला? बायकोची व्यायामाची चटई होती. तिचा कोपराच कापला फक्त. चार दिशांचे चारही कोपरे!

हात ग्रीसने बरबटले होते. पुसायला काही मिळेना. दाराच्या खणात एक पिवळं फडकं दिसलं, ते खस्सकन ओढलं. खणात काहीतरी टण्णकन पडलं. म्हटलं, असेल किल्ली-बिल्ली. हात पुसले, फडकं गाडी धुण्याच्या बादलीत टाकलं, जाळी चिकटपट्टीने दाराला बांधली आणि वर जाऊन जाहीर केलं, "झालं काम!"

संध्याकाळी परीक्षा. सासरे स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागे मी, बायको आणि सासऱ्यांच्या पाठीमागे मिशीवाले. ते गाडी बघायलाच आले होते. खडखड राहिली तर गाडी त्यांच्या मिशांखाली जाणार हे ठरलेलं. सासूबाईंनी पर्स घट्ट धरली होती. मला घाम फुटला होता.

गाणं सुरू झालं. ठेका पडला. डावीकडून 'खडखडखड!' आणि उजवीकडून 'खुडखुडखुड!'

"अरे वा! आधी एकीकडूनच यायचा ना?" मिशीवाले म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. आता सासरे फाडून खाणार! पण सासऱ्यांचा चेहरा आरशात बघितला तर पांढराफटक. त्यांनी एकदा उजव्या दाराकडे बघितलं आणि मोठ्ठ्याने म्हणाले, "वा, जावईबापू! आवाज साफ गेला!"

"बाबा!" बायको ओरडली. "चांगलं दोन्हीकडून वाजतंय! ह्यांनी पुरती वाट लावली!"

"मला नाही ऐकू येत."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, मी बघतो," म्हणत मिशीवाल्यांनी मागून हात लांब केला आणि थेट उजव्या दाराच्या खणात घालायला गेले. सासऱ्यांनी असा ब्रेक मारला की मिशीवाले सासऱ्यांच्या सीटवर मिशांसकट आपटले.

"हात लावायचा नाही! गाडी विकायचीच नाही मला! उतरा!"

मिशीवाले तिथेच उतरले, फुरंगटून चालत घरी गेले. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. माझाही! पण बायको कसली ऐकते? "ठीक आहे, विकू नका. उद्या मी स्वतः शोरूममध्ये नेते आणि माझ्यासमोर चारही दारं खोलून घेते!"

पुढच्या सीटवरची दोन्ही माणसं एकदम खोकली.

घरी पोचल्यावर बायको तरातरा वर गेली. तिची पाठ वळायचा अवकाश, सासऱ्यांनी दाराच्या खणातून काहीतरी काढलं, मला खांबामागे ओढलं आणि एक पत्र्याची डबी माझ्या हातात कोंबली. आत संत्र्याच्या गोळ्या!

आता सांगायला हवं की दोघांनाही साखरेचा त्रास आहे आणि घरातलं गोड माझ्या बायकोने बंद केलंय. डबे तपासते, कपाटं तपासते, बाबांच्या चष्म्याचं घरसुद्धा सोडत नाही.

"फडक्यात गुंडाळून ठेवली होती हो," सासरे कुजबुजले. "ते तुम्ही कशाला काढलंत? लेकीला कळलं तर चालेल एक वेळ, पण तुमच्या सासूबाईंना कळता कामा नये. माझ्याबरोबर तिनेही सगळं सोडलंय. बिचारी महिनोन्महिने गोडाला शिवली नाही, आणि मी हा असा!" त्यांचा आवाज खरंच ओला झाला.

ते वर गेले आणि सासूबाईंनी मला दुसऱ्या खांबामागे बोलावलं. पदराखालून एक डबी निघाली. पेपरमिंट!

"एवढीशी डबी, तिचा कसला आवाज होतोय असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. "पण आता दारं खोलणार म्हणे! तुमच्याकडे ठेवा. आणि ह्यांना सांगू नका हं. माझ्यासाठी जिभेवर ताबा ठेवून बसलेत बिचारे. कुठल्या तोंडाने सांगू?"

मी दोन खिशांत दोन डब्या घेऊन उभा राहिलो. हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं संसार करून एकमेकांना इतकं जपणारी माणसं मी बघितलेली नाहीत. त्यांना एकमेकांसमोर उघडं पाडण्यापेक्षा आपणच तोंडघशी पडलेलं बरं!

वर जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, माझेच दोन स्क्रू आत राहिले होते. काढले. शोरूमला जायची गरज नाही."

"पहिल्यापासून वाजत होतं ते?"

"ते... स्पंजाने गेलं."

"कुठला स्पंज?"

चटईचं प्रकरण मी इथे सांगत बसत नाही. निकाल असा लागला की यापुढे मी घरात पाना-पक्कडला हात लावायचा नाही. बल्बसुद्धा तीच बदलते आणि मी खाली खुर्ची धरून उभा राहतो.

पण संध्याकाळची फेरी सुरू राहिली. मीही बरोबर जायला लागलो, मागच्या सीटवर. तळ्याशी गाडी थांबली की सासरे काच पुसायला उतरतात, तेव्हा सासूबाईंना एक पेपरमिंट. सासूबाई फुलांकडे बघत असल्या की सासऱ्यांना एक संत्र्याची. रोज एकच, हट्ट चालायचा नाही! आणि एवढा सांभाळ करायचा म्हणजे सांभाळणाऱ्यालाही अधूनमधून एखादी लागतेच की. एखादी म्हणजे... जाऊ द्या.

मग तपासणी आली. बायको म्हणाली, सगळ्यांचीच करून घेऊ. सासऱ्यांची साखर उतरली! सासूबाईंची उतरली! डॉक्टरांनी दोघांची पाठ थोपटली आणि माझा कागद बघून चष्मा काढला.

तेव्हापासून बायको ऑफिसातून आल्या आल्या माझे खिसे तपासते. डब्या कुठे ठेवायच्या? विचार करकरून शेवटी मला एक सुरक्षित जागा सापडली.

काल तळ्याच्या वळणावर गाण्यात ठेका पडला आणि सासऱ्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, मागच्या दारातून काहीतरी खडखडतंय हो."

"मला नाही बाई ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या.

मी पुढे वाकून सासऱ्यांच्या कानाशी लागलो. "बाबा, तुमचं ते पिवळं फडकं वाळलं का हो?"