जवसाच्या पाण्याचा कौल

"माका शिजवलेला होया, किशोरी! आजच्या आज होया! अकरा दिस झाले गवत खातंय. माणूस हा मी, बकरो नाय!"

"बकऱ्याक तुमच्यासारखी ढेरी नसता. जरा शिका तेच्याकडसून."

गुरुदास दारात उभा होता आणि त्याच्या हातात माडाच्या पातीत ओवलेले सहा बांगडे लोंबत होते. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला हात लावला म्हणून वाट्याला आलेले. इतके ताजे की डोळे चकचकत होते, बांगड्यांचेही आणि त्याचेही.

हे रॉ फूड किशोरीने मुंबईच्या लेकीच्या, रसिकाच्या, सांगण्यावरून सुरू केलं होतं. एकवीस दिवस विस्तवाला शिवलेलं काही खायचं नाही. सकाळी भिजवलेले जवस. दुपारी किसलेली कच्ची पपई, तिच्यावर सोया सॉस. संध्याकाळी जवस वाटून उन्हात वाळवलेल्या चकत्या, त्या परत सोया सॉसमध्ये बुडवून. मीठ नाहीच, कारण खारटपणाला सोया सॉस. रसिकाने त्याचा पाच लिटरचा कॅनच पाठवला होता. बरं, एकटीने करावं ना? नाही. "दोन माणसांक दोन तऱ्हा मी करूचंय नाय," म्हणाली आणि गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात टाकला, चावी कमरेला. गुरुदासने पहिल्याच दिवशी शेजारच्या हौसाबाईकडे जाऊन भात खाल्ला. हौसाबाईने त्याचं ताट धुवायच्या आधी बातमी किशोरीला पोचवली.

"बांगडे खावचे तर खावा की," किशोरी म्हणाली. "मी खंय नको म्हणतंय? रॉ खावा."

गुरुदासचं डोकं फिरलं. "मी देवाक इचारतंय! देवान सांगल्यान तर चूल पेटवशील?"

देवाचं नाव निघाल्यावर ती तरी काय बोलणार? "देवान होय म्हटल्यान तर बांगड्यांचो झणझणीत तिखलो करून घालतंय. तिरफळा घालून. जावा, इचारा."

आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. गुरव फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दहा मिनिटांत निकाल लागतो.

गुरुदासने धोंडू गुरवाला फोन केला. "ये, आताच ये," धोंडू म्हणाला, "पण देवळातलो नळ सुको पडलो हा. येताना बाटलीभर पाणी घेवन ये." गुरुदासने बांगडे फ्रिजमध्ये ठेवले, त्याच्याच दारातली पाण्याची बाटली काढली आणि निघाला.

देवळात सावलीला नेहमीची दहाबारा माणसं बसली होती. त्यात शिवा मानकरीही होता. गावात देवाच्या बाबतीत शिवाचा शब्द शेवटचा. धोंडूने बाटली तांब्यात ओतली, कळ्या बुडवल्या, गाभाऱ्याच्या अंधारात हाताने चाचपत चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्यो तुझो लेकरू गुरुदास, अकरा दिस कच्चा खावन रवलो हा!"

"व्हय म्हाराजा!" यात दोघंतिघं हसले.

"तर ह्या लेकराच्या घरात आणि बारा वाड्यांत चूल पेटवची काय नको, ता तूच काय ता सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बारा वाड्या धोंडूच्या तोंडात सवयीने येतात. कोणाची म्हैस हरवली तरी तो बारा वाड्या घालतोच. त्यामुळे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

दहा मिनिटं गेली. कळ्या जागच्या जागी. अर्धा तास गेला. धोंडूने परत गाऱ्हाणं घातलं, आवाज वाढवला. तासभराने त्याचा घसा बसला, पण कळी हलली नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"देव बोलणा नाय," शिवा उठून म्हणाला. "आपण इचारला काय? बारा वाड्यांत चूल पेटवची काय नको. देव अजून होय म्हणूक नाय. मगे पेटवणारे आपण कोण?"

"अरे पण शिवा, ता माझ्या एकट्याच्या घराचा..." गुरुदास म्हणाला.

"गाऱ्हाण्यात बारा वाड्यो इल्यो. तू 'व्हय म्हाराजा' म्हटलंस काय नाय?"

म्हटलं होतं. सगळ्यांनीच म्हटलं होतं.

शिवाने ठरवून टाकलं. तीन दिवस देवाची वाट बघायची. लावलेल्या कळ्यांना हात लावायचा नाही. तोवर गावात चूल नाही, गॅस नाही, चहा नाही. पाव-बिस्किटं भट्टीतून येतात, तीही नाहीत. चहाचं ऐकून हौसाबाई मटकन खालीच बसली.

गुरुदास घरी आला तर किशोरी फ्रिज उघडून उभी. "हयली बाटली खंय गेली?"

"पाण्याची? देवळात न्हेलंय. कळ्ये भिजवक."

"अवो, ता पाणी खंय? जवस भिजवन गाळून ठेवलंय मी, केसांक लावक! शेंबडासारख्या चिकाट असता ता!"

गुरुदासने कपाळाला हात लावला. कळ्या कशा पडणार? त्याने देवाला दोन्ही बाजूंनी डिंक लावला होता.

"जावा, सांगा मानकऱ्याक," किशोरी म्हणाली. हसू आवरायला तिने पदर तोंडात कोंबला होता. "चायशिवाय बसलली माणसा हत भायर. तुमची आरती करतली."

गुरुदास दारापर्यंत गेला. बाहेर पारावर चार माणसं डोकं धरून बसली होती आणि एकमेकांना विचारत होती, "ह्या गुरुदासाक कौल लावची बुद्धी कोणी दिल्यान रे?" गुरुदास परत आत आला आणि बसला. बांगड्यांना किशोरीने मीठ लावून उन्हात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून किशोरीच्या अंगणात रांग. गावात कच्चं खायची अक्कल तिला एकटीलाच होती ना! "जवस रात्री भिजत घालूचे. पपई बारीक किसूची. वर ह्या सोया सॉस." वाटी घेऊन येईल त्याला ती कॅनमधून ओतून द्यायची. म्हातारे आधी नाकं मुरडत होते, मग बोटं चाटायला लागले.

"गो किशोरी, ह्या सुक्या बांगड्याच्या सारासारख्या लागता गो," हौसाबाई म्हणाली आणि दोनदा येऊन घेऊन गेली. शिवा मानकरी तर जवसाची चकती त्यात बुडवून, डोळे मिटून खात होता. किशोरीला गावात कधी कोणी विचारलं नव्हतं, आता बायका तिला खुर्ची देत होत्या. गुरुदास कोपऱ्यात बसून सगळं बघत होता आणि आतल्या आत शिजत होता. गावात तेवढंच शिजत होतं.

तिसरा दिवस रविवार. तीन दिवस संपायला चार तास उरलेले. गुरुदासला काही काम नव्हतं, म्हणून त्याने चष्मा लावून कॅनच्या मागचं बारीक छापलेलं वाचायला घेतलं. वाचता वाचता तो ताडकन उठला आणि कॅन डोक्यावर धरून अंगणात धावला. अंगण तेव्हा भरलेलं होतं.

"किशोरी! वाच! वाच हय काय लिवला हा! सोयाबीन आधी शिजवतत! गहू भाजतत! मगे आंबवतत! म्हणजे चवदा दिस तू माका शिजवलेलाच घालतंस! खोटा तुझा रॉ फूड, सगळा खोटा!"

किशोरीचा चेहरा पडला. गुरुदासला चौदा दिवसांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं.

"बघू, कॅन हाड हडे," शिवा म्हणाला. त्याने कॅन घेतला, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला, आणि हातातली चकती हळूच खाली ठेवली. "म्हणजे तीन दिस सगळ्या गावान शिजवलेला खाल्ल्यान."

गुरुदासच्या लक्षात आलं, पण उशिरा.

"देवाची क्षमा मागूया," शिवा म्हणाला. "आजपासून परत तीन दिस. आणि आता सोया सॉसपण नाय."

लोकांनी गुरुदासकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती नजर विकत मिळणार नाही.

"रे शिवा," हौसाबाईने विचारलं, "जामसंड्याच्या बाजारात जावन कोणी कायव खाल्ला तर चलात?"

शिवाने बराच विचार केला. त्याचंही पोट आत गेलं होतं. "गावाच्या सीमेभायर आपलो कौल चलणा नाय. पण ज्याच्या नावान कौल लावलो, तेणी मात्र सीम ओलांडूची नाय."

आणि गावाला एकदम कामं निघाली. हौसाबाईला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, तोंडात एकही दात नसताना. धोंडूला कापूर आणायचाय. शिवाला सातबारा काढायचाय, रविवारी. किशोरीनेही नवी साडी नेसली आणि पिशवी काखेत मारली.

"तू खंय चल्लंस?" गुरुदास ओरडला. "तुझे एकवीस दिस?"

"तुमीच सांगितलास ना, माझा मोडलाच हा म्हणून? मगे मी कांदाभजी खाल्ली तर काय झाला? जवस वाटयेत काढून ठेवलंय. सॉस घेव नको."

सगळे आता एसटीच्या थांब्यावर उभे आहेत. गुरुदास सीमेच्या दगडाच्या अलीकडे वाटी घेऊन बसलाय, येईल-जाईल त्याला विचारतोय की येताना नुसता वास तरी घेऊन या. त्याच्या पुढचं सांगितलं असतं, पण एसटी आली, आणि ही गर्दी बघता खिडकीतून रुमाल टाकल्याशिवाय जागा मिळायची नाही. मी निघतो.