अव्वा बसल्याशिवाय गाडी हलत नाही

रुद्रप्पा चादरवाल्यांनी किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. त्यांच्या बायकोने, हेमावतीने, कपाळाला हात लावला, तेवढ्यात ओसरीवरून तिची आई बसव्वा म्हणाल्या, "थांबा जावईबापू, मी बसते."

बसव्वा पुढच्या सीटवर बसल्या, नेहमीची पिशवी समोर टांगली. किल्ली फिरली आणि गाडी अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशी गरजली.

गाडी परदेशी, जुनी आणि आपोआप गिअर बदलणारी होती. बसव्वा लेकीकडे आल्या त्याच सुमारास तो आपोआप प्रकार बिघडला, तेव्हा सोलापुरात त्याला हात लावायला कोणी धजेना. शेवटी शिवपुत्र मिस्त्रीने तो काढून हाताने बदलायचा गिअरबॉक्स बसवला. स्टिअरिंगजवळची जुनी दांडी मात्र तशीच राहिली, कारण रुद्रप्पाच म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे की ती. लई शोभा देतीया." त्या शोभेच्या दांडीला बसव्वा आपली पिशवी अडकवत. पिशवीत पानसुपारी आणि, तोंडात दात नसल्यामुळे, पान कुटायचा पितळी खलबत्ता असे.

गिअरबॉक्स बदलल्यापासून गाडीला दोन रोग जडले. मनात आलं तरच ती सुरू व्हायची, आणि मनात यायचं ते बसव्वा पुढे बसल्यावरच. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की लगेच बंद पडायची. त्यामुळे रुद्रप्पा चहासुद्धा गाडीतच, एक पाय दाबून प्यायचे. "अव्वांचा पायगुण," असं पेठेत बोललं जाऊ लागलं. बसव्वांना सगळे अव्वा, म्हणजे आई, म्हणत.

आणि नेमक्या अव्वाच निघाल्या होत्या. हेमावती टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा त्या मंगळवेढ्याहून आल्या, लेकीला उठवून बसवलं, नातवंडांचं सगळं केलं. आता लेक हिंडूफिरू लागली तसं त्यांनी गाठोडं बांधलं. "लेकीच्या घरी आईनं किती ऱ्हावं? लोक काय म्हणतील?"

रुद्रप्पांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की राहा. त्यांची स्वतःची आई ते लहान असतानाच गेली होती. 'जेवलात का?' असं रोज विचारणारं माणूस त्यांना या वयात मिळालं होतं, आणि त्याबद्दल ते मनातल्या मनात देवाचे हजार उपकार मानत होते. पण सासूला 'राहा' म्हणायची वेळ आली की जावयाची जीभ टाळ्याला चिकटते. ते एवढंच म्हणाले, "एसटीनं न्हाय जायचं. मी सोडतो की गाडीनं."

आईला पोचवायला हेमावतीही बरोबर निघाली. मंगळवेढ्यात बसव्वा उतरल्या, पिशवी खांद्याला लावली, बंद घराचं कुलूप काढलं. रुद्रप्पा त्यांच्या पाया पडून गाडीत बसले. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

शेजारचा बिरप्पा चार माणसं घेऊन धावला. "ढकला रं!" गाडी ढकलली, सुरू झाली. रुद्रप्पांनी आभार मानायला खिडकीतून मान बाहेर काढली, पाय ढिला पडला आणि गाडी बंद. पुन्हा ढकलली. या खेपेला रुद्रप्पांनी आभार मानले नाहीत, पण मागे राहिलेल्या हेमावतीला घ्यायला वेग कमी केला, आणि पुन्हा तेच. बिरप्पा घाम पुसत म्हणाला, "पावनं, बैलं जुंपू का?"

उंबऱ्यात उभ्या राहून बसव्वा सगळं बघत होत्या. त्या निमूट आल्या, पुढे बसल्या, पिशवी टांगली. "मारा किल्ली."

गाडी सुरू झाली.

"पण वाटेत बंद पडली तर?" हेमावती म्हणाली.

"सोलापूरपातूर येते," बसव्वा म्हणाल्या. "उद्या एसटीनं परत फिरीन." बिरप्पानेच घराला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवपुत्र आला. त्याने बॉनेट उघडलं, मग स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि हसतच बाहेर आला. "मालक, पैल्या गिअरबॉक्सची एक रबरी नळी उघडीच ऱ्हायली. इंजिन तिथनं वारा ओढतंय, म्हणून पाय काढला की बंद पडतंय. आन ही जुनी दांडी न्यूट्रलवर असली तरच स्टार्टरला करंट जातोय. अव्वांच्या पिशवीच्या वजनानं ती बरोबर तितं येती. दोन वायरी जोडल्या की झालं!"

"नळी बुजव," रुद्रप्पा म्हणाले. "वायरींना हात लावू नको."

"आन गाडी सुरू कशी व्हायची?"

"लावू नको म्हणलं न्हवं!"

मग ते आत गेले. बसव्वा गाठोड्याजवळ बसून पान कुटत होत्या. रुद्रप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "अव्वा, मिस्त्रीला दोष सापडंना. तुमी गेला तर गाडी भंगारातच घालावी लागंल."

"सापडंना?" बसव्वांचा हात थांबला. "दांडीला पिशवी लागल्याबिगर ती उठत न्हाय, हे मला पैल्याच आठवड्यात कळलंय की."

"मग मंगळवेढ्यात का बोलला न्हाई?"

"तुमी 'ऱ्हावा' म्हणताय का, बघत हुते. एका शब्दापायी जाऊन-येऊन किती पेट्रोल जाळलं, जावईबापू!"

रुद्रप्पा भिंतीकडून त्यांच्याकडे वळले. इतके दिवस अडलेला शब्द अखेर बाहेर पडला. "ऱ्हावा, अव्वा. तुमचे लई उपकार हायेत. हे घर तुमचंच हाय."

बसव्वांनी पदराने डोळे टिपले आणि गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. "बरं. मिस्त्रीचं बोलणं आतनं ऐकलंय म्या, आता त्या वायरी जोडून घ्या. रोज तुमच्यासंगं दुकानाला यायचं माझ्यानं व्हायचं न्हाय. आन जेवलात का?"