चालत न्हाई म्हणायचं न्हाई

आमच्या घाटनांदूरच्या दूध संस्थेत ‘चालत न्हाई’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की कॉम्प्युटरवर बसणारे वाघमारे आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे. “चालत न्हाई म्हंजी काय व्हतंय? दिवा लागतो का? आवाज येतो का? शेवटची ओळ काय दिसली?”

मी तिथला दूध तपासणारा. एकदा फॅटचं मशीन बंद पडलं म्हणून सांगायला गेलो, तर आप्पांनी अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली. मी बटणच दाबलं नव्हतं, हे शेवटी मलाच कबूल करावं लागलं. एका शेतकऱ्याची म्हैस आटली. त्यालाही त्यांनी विचारलं, की कालपर्यंत देत होती, मग बदललं काय? तो म्हणाला, “पाणी संपलं, आप्पा.” आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

दुष्काळच तसा होता. जनावरं चारा छावणीत गेलेली. सकाळी आठपर्यंत संकलन उरकायचं. उरलेला दिवस आप्पा जगाच्या सेवेत. इंटरनेटवर म्हणे एक जागा आहे, तिथं स्वतःचं कर्नेल लिहिणारे नवशिके अडले की प्रश्न टाकतात. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ प्रोग्राम, आणि तो काय करतो हे आप्पांनी मला आमच्या संस्थेच्या सचिवांवरून समजावलं. सगळ्यात आधी येणार, कुणी कुठं बसायचं ते ठरवणार आणि रुसले की सगळं ठप्प. ब्राझील, पोलंड, कुठकुठली पोरं विचारायची. “पोलंडवाल्याला लई घाई हाय,” असं आप्पा मला काळजीनं सांगायचे, जणू तो पाटोद्याच्या बाजारात भेटला असावा.

एका सकाळी त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. कुणी रेखानं विचारलं होतं, की कर्नेल सुरू होतं आणि मशीन लगेच रीस्टार्ट होतं, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे वीज दुपारीच असते, तेव्हा लवकर सांगा. आप्पांनी गाव विचारलं. उत्तर आलं, नांदूरघाट. आमच्याच जिल्ह्यातलं, नाव तेवढं आमच्या गावाच्या उलटं.

पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाणी नाही म्हणून होस्टेल बंद, आईवडील ऊसतोडीला, आणि चार दिवसांनी प्रोजेक्ट दाखवायचा. जमलं नाही तर पुस्तकं बांधून टोळीत जाईन, असं तिनं लिहिलं होतं.

आप्पांनी रजा टाकली. माणसांशी बोलायची सवय नाही म्हणून मलाही बरोबर घेतलं.

रेखानं चहा ठेवला आणि जुना लॅपटॉप पुढं सरकवला. आप्पांनी हात मागं बांधले. “मी हात लावणार न्हाई. तू एकेक ओळ सांग, आमी ऐकतो.” ती सांगत गेली. हे कर्नेल मेमरीत इथं ठेवलं, त्याला तात्पुरतं कच्चं लिहायची जागा तिथं दिली... मधेच थांबली. मग हळूच म्हणाली, “आप्पा, मी कर्नेलवरच लिहितेय. तेच खोडलं जातंय.”

“कावून तसं वाटतं?” आप्पांनी विचारलं. उत्तर त्यांना केव्हाच कळलं होतं, हे मला त्यांच्या बोटांच्या चुळबुळीवरून दिसत होतं. तिनं जागा बदलली. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ उमटलं. ती आधी हसली, मग तोंड धुवायला आत गेली. पुढं प्रोजेक्ट पास झाला, तिनं शिक्षण सोडलं नाही.

परतीच्या बसची वाट बघताना मी विचारलं, की एवढं लोकांसाठी का करता? आप्पा आधी एका साखर कारखान्यात होते. उसाअभावी तो बंद पडला, तेव्हा रिकाम्या ऑफिसात बसून त्यांनीही कर्नेल लिहायला घेतलं होतं. अडले. इंटरनेटवरच्या त्याच जागी प्रश्न टाकला. कुणीच उत्तर दिलं नाही.

“मग ते सुटलं न्हाई?”

“सुटलं की. दुसऱ्याच वर्षी, माझं मीच सोडवलं.” बस येतेय का, ते त्यांनी वाकून बघितलं. “पण तो प्रश्न हाय तिथंच. कुणी वाचलाय का, अजून बघतो अधनंमधनं.”

दुसऱ्या दिवशी मी विचारत विचारत तिथं खातं उघडलं, तो प्रश्न शोधला आणि खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की मी वाचलं, मला काही कळलं नाही, पण पूर्ण वाचलं.

आप्पांनी ते पडद्यावर वाचलं. मग माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, “स्पेलिंग चुकलंय बे. पण असू दे. दुरुस्त करू नको.”