साक्षीदार तरणा पाहिजे

माझ्या नातवाच्या बारशाला भगवानअण्णा आले तेव्हा बायका पाळणा म्हणत होत्या. पोराचं तोंड बघायच्या आधी अण्णांनी मला बाजूला ओढलं आणि विचारलं, "वारस वाढला. कागद बदलला का?" मी म्हणालो, अहो, अजून पोराचं नावसुद्धा ठेवलं नाही. तर म्हणाले, मग नाव ठेवलं की लगेच बदला.

कागद म्हणजे मृत्युपत्र. हा शब्द इतक्या आवडीनं उच्चारणारा दुसरा माणूस परंड्यात नसेल. अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, शेळ्या पाळतात. ह्यांनी दुसऱ्यांच्या मरणाची तयारी करायला घेतली. कुणी आजारी पडलं की हे शहाळं घेऊन हजर. शहाळं टेकवलं की सुरू, "स्टँड आल्यावर पिशव्या हुडकू नये. आधीच मांडीवर घेऊन बसावं." आजारी माणूस बिचारा पडल्या पडल्या मान हलवायचा. पुढं पुढं लोक अण्णांना लांबून बघूनच सांगायला लागले, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. एकदा तर तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून ह्यांनी कामगारांना हाच उपदेश केला. मालकानं जीपमध्ये घालून परत पाठवून दिलं.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते साक्षीदार आपल्या मागं जगलेले बरे, एवढी अक्कल अण्णांना कुठूनतरी मिळाली होती. मग काय विचारता! आठवडी बाजारात बैल बघावा तसं माणूस बघायचे. खोकला आहे का, जिना चढून धाप लागते का, तंबाखू किती खातो. "साक्षीदार तरणा पाहिजे," हे वर. मला एकदा तोंडावर म्हणाले, "तुमची शुगर हाय. तुम्ही नको." जसा काही मी सही करायला रांगेत उभा होतो.

माझे चुलते रावसाहेबकाका यांनी मात्र अण्णांचं ऐकलं, तेही निम्मंच. काकांचे दोन मुलगे शेती बघायचे. मुलगी सुमन, नवऱ्यानं टाकलेली, कितीतरी वर्षं बापाकडंच. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन घेऊन बसायची. काकांनी शेत मुलांना आणि त्या दोन खोल्या सुमनला लिहून दिल्या, आणि आपल्या माघारी हे सगळं पार पाडायला अण्णांना नेमलं. ह्याला म्हणतात एक्झिक्युटर. त्या दिवसापासून अण्णा मागं हात बांधून चालायला लागले, कलेक्टर फिरतीवर निघाल्यासारखे.

घोळ झाला तो साक्षीदारांपाशी. अण्णांनी दोन धट्टीकट्टी पोरं हेरून ठेवली होती. काका ऐकेनात. आमच्या भावकीत कागद कुठलाही असो, पहिला मान वडीलधाऱ्यांचा. रामभाऊ आणि दत्तूबापूंना डावललं तर माझ्या मयतीला तरी कोण येईल, असं काकांचं म्हणणं. शेवटी त्या दोन म्हाताऱ्यांना टॉवेल-टोपी दिली आणि त्यांच्याच सह्या घेतल्या. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

व्हायचं तेच झालं. आधी रामभाऊ गेले, मग दत्तूबापू, आणि त्यांच्या मागून सावकाश काका. तेराव्याच्या पत्रावळी उचलल्या नाहीत तोच माझे दोघे चुलतभाऊ म्हणाले, साक्षीदारच वर गेले, आता त्या कागदाला कोण विचारतंय. सुमननं रीतीप्रमाणं हक्कसोड करून द्यावा, साडी नेसावी आणि विषय संपवावा. आमच्याकडं बहिणी अशाच कचेरीत जाऊन बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडत आल्यात. एका साडीवर भागतं. भाऊ त्याला माया म्हणतात. लाज नाही, दुसरं काय.

अण्णा वकिलाकडं पळाले. वकिलानं सांगितलं, साक्षीदार मेले तरी कागद मरत नाही. सह्या त्यांच्याच आहेत हे ओळखून सांगणारं कुणीतरी हवं. झालं! अण्णांनी त्या दोघा म्हाताऱ्यांच्या पोरांचा पिच्छा पुरवला. सकाळ झाली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. भावकीच्या भांडणात पडायची कुणाची इच्छा नव्हती. अण्णा मात्र एकच विचारायचे, बापाची सही खोटी आहे म्हणता का? आता असं कोण म्हणणार? दोघांनीही मुकाट्यानं जबाब दिले.

मला वाटलं, सुटली बिचारी. कसली सुटते! भावांनी सुमनशी बोलणंच टाकलं. भावजया नळावर तोंड फिरवायला लागल्या. निरोप आला, खोल्या ठेव आणि माहेर विसर. एका दुपारी सुमन माझ्या खताच्या दुकानात आली. अण्णा तिथंच पोत्यावर बसून माझ्या गिऱ्हाइकाला कागदाचं महत्त्व पटवत होते. ती उभ्या उभ्याच बोलली.

"अण्णा, मी सही करून टाकते. दोन खोल्यांपायी भाऊ तुटले तर मी कुणाकडं बघू?"

आता पिशव्यांचं कीर्तन सुरू होणार म्हणून मी कपाळाला हात लावला. पण पिशव्या निघाल्याच नाहीत. अण्णा खाली बघत म्हणाले, "माझ्या बहिणीनं केली होती सही. म्याच नेलं तिला कचेरीत. साडी बी चांगली घेतली. पुढं नवऱ्यानं टाकलं तिला. लोहाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहिली, माझ्याकडं राहायला आली न्हाय. लई बोलावलं म्या. म्हणायची, आता ते तुझं घर हाय दादा, पाहुणी म्हणून येईन. शेवटपर्यंत गोड बोलली माझ्याशी. त्या खोलीतच गेली."

सुमन पदराचं टोक पिळत उभी होती. अण्णा एवढंच म्हणाले, "भाऊ बोलतील, न्हायतर न्हाय बोलणार. खोल्या सोडू नको."

इतकी वर्षं मी ह्यांचा शेजारी. ह्यांना बहीण होती हेच मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

सुमननं सही केली नाही. नगरपालिकेत खोल्या तिच्या नावावर लागल्या, त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून उतारा द्यायला निघाले आणि मलाही ओढून नेलं. दार सताड उघडं होतं. आमची सगळी भावकी आजवर त्या दारातून चपला वाजवत, खाकरत आत शिरत आली. मीही तसाच शिरणार होतो, तर अण्णांनी माझा दंड धरला. स्वतः चपला काढून पायरीखाली उभे राहिले.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "आत येऊ का?"

सुमन मशीनवरून उठली. तिनं आमच्याकडं बघितलं आणि मग मागं वळून बघितलं, घरात दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय म्हणून.