आडवे तीन, उभे चार

मल्हारीने लेकीच्या, शालूच्या, लग्नपत्रिकेत शब्दकोडं छापायचं ठरवलं तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही, इथेच सगळं बिनसलं. बायको जयवंताबाई डाळ निवडत होती. ती नुसतं "हं" म्हणाली आणि त्याने तो होकार धरला.

तसा माणूस सरळ. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत स्टोअर क्लार्क. डब्यासोबत पेपरातलं कोडं न्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत सोडवायचं, हा बावीस वर्षांचा नेम. पूर्ण सुटायचं महिन्यातून दोनदा. (उरलेल्या दिवशी ते चुकीचं छापलेलं असायचं.)

पत्रिका म्हटली की मामा, काका, आत्या, सगळ्यांची नावं आलीच. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, यावरून दर लग्नात दोन घरं तरी रुसतात. मल्हारीने त्यावर तोडगा काढला. नवरा, नवरी, तारीख आणि मंगल कार्यालय एवढं सरळ छापलं. बाकी सगळी नावं कोड्यात, आपलंसुद्धा. खाली एक ओळ : 'उत्तरे मंडपात मिळतील.' तीनशे पत्रिका वाटून झाल्या आणि तो शाबासकीची वाट बघत बसला.

पहिला फोन अंकुशनगरहून आला. जयवंताबाईचा एकुलता एक भाऊ, ओमप्रकाश.

"दाजी, कार्ड भेटलं. मंगल कार्यालयवाल्याचा नंबर हाय, प्रेसवाल्याचं नाव हाय, आन् मामाच्या जागी खिडकीची जाळी?"

"जाळी न्हाई, कोडं हाय. आडवे तीन बघा, तुम्हीच हायेत."

"तिथं तर कोरे चौकोन हायेत! मामाची जागा कोरी सोडली? दुसरा मामा बघून राह्यले का?"

"तसं न्हाई हो..."

"बराबर हाय. मंग शालूला मंडपात त्योच आणंल." फोन बंद.

संध्याकाळपर्यंत थोरले चुलते संपतराव आणि आणखी चार घरं रुसली. कोडं एकानेही सोडवलं नव्हतं. जयवंताबाई ओरडली नाही, चुलीपुढे बसून मुकाट रडली, आणि मल्हारीला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. भावाशिवाय ती लेकीची पाठवणी कशी करणार?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो मोटरसायकलवर अंकुशनगरला गेला. ओमप्रकाशने पाणी दिलं, पण 'बसा' म्हटलं नाही. मल्हारीने उभ्याउभ्याच पत्रिका आणि पेन्सिल पुढे केली.

"आडवे तीन तेवढं वाचा. मंग मी जातो."

ओमप्रकाशने चष्मा लावला. "'बहिणीने हाक मारायच्या आधी पोचणारा. पाच चौकोन.'" त्याने बोटांवर अक्षरं मोजली. पुन्हा मोजली. शालूच्या जन्माच्या वेळी तो उसाच्या ट्रॅक्टरवर बसून जालन्यापर्यंत गेल्ता, ते या माणसाच्या ध्यानात होतं तर.

"हे मी का?" त्याने खुर्ची पुढे ओढली. "मंग इतकं चांगलं झाकून कशापायी ठेवलं? बसा, दाजी."

तोडगा आता ओमप्रकाशनेच काढला. पत्रिका परत गोळा करायच्या आणि पेनने नावं भरून पुन्हा वाटायच्या. मल्हारीची रजा संपली होती, म्हणून ओमप्रकाशच जालन्याला येऊन राहिला. तीन दिवस भाऊबहीण कोडं सोडवत आणि पत्रिका भरत बसले. दोघं हसत होती, म्हणून मल्हारीने त्यात नाक खुपसलं नाही.

लग्न थाटात लागलं. नवरीच्या मागे मामा ताठ उभा होता. संपतराव पहिल्या पंगतीला होते. मल्हारीचे डोळे भरून आले.

मग माइकवाल्याने पत्रिका हातात घेतली आणि मानाच्या टॉवेल-टोपीसाठी एकेक नाव पुकारू लागला.

"आडवे तीन, मामा श्री. ओमप्रकाश!" टाळ्या.

मल्हारीने शर्ट नीट केला. पुढचा तोच होता.

"उभे चार... श्री. मशीन! मशीनराव, कुठं असतील तिथून स्टेजवर यावं!"

कोणी उठलं नाही. माइकवाल्याने तीनदा पुकारलं आणि टोपी संपतरावांना घातली.

मल्हारी बायकोकडे धावला. "अगं, म, ल्हा, री! तीन चौकोन! मशीन कुठून आलं?"

"म तर ओमप्रकाशच्या नावातला आल्ता," जयवंताबाई शांतपणे म्हणाली. "आन् तुम्हीच लिवलं व्हतं, 'ज्याच्याशिवाय घराचं पान हलत नाही.' मागच्या महिन्यात कपडे धुवायचं मशीन बंद पडलं तवा काय हाल झाल्ते! आम्ही दोघांनी लई विचार केला, दुसरं कोणीच बसंना त्यात."